शोरूममधली गाडी आणि भूमकर चौकातली गाडी

प्रश्न : माझं वय 34, उंची पाच फूट सात इंच. वारज्याला राहतो, हिंजवडीला नोकरी. जाऊन-येऊन रोज साधारण 40 किलोमीटर होतात. कॉलेजपासून पल्सर 150 चालवतोय, आता ती धाकट्या भावाला देऊन स्पोर्ट बाइक घ्यायचा विचार आहे. बजेट तीन लाखांच्या आसपास. मित्राची आरसी 390 दोन दिवस ऑफिसला नेऊन पाहिली. बायपासला मजा आली, पण पुढे वाकडच्या गर्दीत मनगटं आणि मान अशी भरून आली की रात्री बाम चोळून झोपलो. गाडी तीच, मीही तोच. मग मोकळ्या रस्त्यावर काही वाटत नाही आणि गर्दीतच का दुखतं? आणि रोजच्या वापरात अंगाला न खुपणारी, तरी स्पोर्ट म्हणवून घेईल अशी मधल्या ताकदीची गाडी कोणती?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : आधी दुखण्याचं पाहू, कारण ते कळलं की गाडीची निवड बरीचशी आपोआप होते.

आरसीसारख्या गाडीचं हँडल खाली आणि पुढे असतं, फुटरेस्ट मागे आणि वर. त्यामुळे धड पुढे झुकतं, आणि झुकलेल्या धडाचा भार कुठेतरी पेलावाच लागतो. मोकळ्या रस्त्यावर समोरचा वारा छातीला मागे रेटतो आणि त्यातला बराचसा भार परस्पर उचलतो. हातांना हँडल धरण्यापुरतंच काम उरतं. वाऱ्याचा हा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी 90 किलोमीटरला जेवढा आधार मिळतो, त्याचा फक्त नववा हिस्सा 30 च्या वेगाला मिळतो. संध्याकाळी साडेसहाला वाकडच्या भूमकर चौकात 30 चा वेग ही चैनच म्हणायची. वाऱ्याचा आधार गेला की सगळा भार मनगटांवर येतो. त्यात दर पन्नास पावलांवर ब्रेक. ब्रेक मारला की धड आणखी पुढे ढकललं जातं, तेही तळहातांनीच थोपवायचं. मान तर सतत वर उचललेली, कारण पाठ झुकलेली असली तरी नजर समोर हवी. आणि त्या मानेवर हेल्मेटचं वजन. दोन दिवसांत बाम लागला यात नवल काहीच नाही.

ही बसण्याची ढब मुळात ऑफिसला जाण्यासाठी जन्मलेलीच नाही. शर्यतीत वाऱ्यापुढे अंग जितकं कमी येईल तितका वेग जास्त, एवढंच त्यामागचं गणित. मोटो गुझी या इटालियन कंपनीने 1950 मध्ये मान्देल्लो देल लारियो इथल्या कारखान्यात एक वातबोगदा बांधला. स्वारासकट अख्खी मोटरसायकल आत उभी करून वारा कुठे अडतो हे तिथे तपासत. पुढे 1960 च्या दशकात लंडनच्या एस कॅफेसारख्या अड्ड्यांवर जमणाऱ्या पोरांनी शर्यतीच्या गाड्यांचं पाहून आपल्या साध्या गाड्यांची हँडलं खाली केली, फुटरेस्ट मागे नेले. तिथून ही ढब हळूहळू शोरूममध्ये आली. आपल्याकडे 2003 ची करिझ्मा दिसायला स्पोर्ट होती, पण तिच्यावर माणूस बऱ्यापैकी ताठ बसायचा. खरं वाकवलं ते 2008 च्या यामाहा आर15 ने. केटीएमच्या आरसी 2014 मध्ये आल्या आणि कॉलेजच्या पार्किंगमध्ये पोरांची पाठ कायमची झुकली.

आता आपल्या रस्त्यांकडे पाहा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर बंदी, अटल सेतूवर बंदी. राज्यातल्या ज्या मोजक्या रस्त्यांवर वारा छातीला आधार देईल, तिथे आपल्याला फाटकातच अडवतात. चार पदरी हायवेवर दुचाकीची केंद्राने ठरवलेली वेगमर्यादा 80. तेव्हा ज्या वेगासाठी ही गाडी घडवली आहे तो वेग तुम्हाला चांदणी चौक ते वाकड एवढ्याच टप्प्यात मिळणार, तोही सकाळी सातच्या आत निघालात तर. उरलेल्या वेळात तुम्ही शर्यतीच्या आसनात बसून पीएमपीच्या बसमागे उभे असणार.

म्हणून रोजच्या गाडीत पहिली पाहायची ती सीट, फुटरेस्ट आणि हँडल यांची मांडणी. बीएचपी नंतर. शोरूममध्ये गाडीच्या समोर उभे राहा आणि फोर्कच्या दोन नळ्यांना वरून जोडणारी जाड पट्टी शोधा. हँडलचे दोन तुकडे या पट्टीच्या खाली बसवले असतील तर गाडीचा पिंड शर्यतीचा. पट्टीच्या वर, थोडे उचलून बसवले असतील तर गाडी फेअरिंगवाली असूनही बसायला सुसह्य. सुझुकीची जिक्सर एसएफ 250, कावासाकीची निंजा 300, होंडाची जुनी सीबीआर 250 आर या दुसऱ्या पठडीतल्या. लांबून फोटोत हा फरक कळत नाही. तिन्ही गाड्या आरसीइतक्याच रुबाबदार दिसतात.

मग गाडीवर बसा. विक्रेत्याला गाडी धरायला सांगा, दोन्ही पाय फुटरेस्टवर ठेवा, गुडघ्यांनी टाकी दाबा आणि दोन्ही हात हँडलवरून दोन इंच वर उचला. धड जागच्या जागी राहिलं तर भार पोट आणि पाठ पेलताहेत. ही गाडी तुम्हाला चालेल. हात उचलताच पुढे कोसळायला झालं तर तोच भार उद्या सिग्नलला मनगटांवर येणार. ही तपासणी फुकट आहे, अर्ध्या मिनिटाची आहे, आणि कुठलाही विक्रेता ती आपणहून करून दाखवणार नाही.

तसंच उभ्या गाडीचं हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. खाली बसवलेली हँडलं फार वळत नाहीत, नाहीतर ती टाकीला किंवा फेअरिंगला आपटतील. पूर्ण वळवल्यावर तुमचा अंगठा हँडल आणि टाकी यांच्यामध्ये चेपतो का, ते बघा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन कारच्या मधून गाडी काढताना हे रोज छळतं. आरसे फेअरिंगवर असतील तर त्यांची रुंदी पाहा. असे आरसे गाड्यांच्या फटीतून जाताना कारच्या आरशांच्या बरोब्बर उंचीला येतात, आणि बऱ्याच गाड्यांवर त्यात मागचा रस्ता कमी आणि आपलीच कोपरं जास्त दिसतात.

इंजिनाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गर्दीतला अर्धा थकवा तिथून येतो. आरसी 390 च्या इंजिनात पिस्टनचा व्यास 89 मिलिमीटर आणि त्याची खाली-वर धाव 60 मिलिमीटर. रॉयल एनफिल्डच्या 350 मध्ये हेच आकडे 72 आणि 85.8. रुंद आणि आखूड इंजिन वरच्या फेऱ्यांत उड्या मारतं, अरुंद आणि लांब इंजिन खालच्या फेऱ्यांत ओढतं. आरसीची सगळी ताकद, 43.5 पीएस, मिनिटाला 9,000 फेऱ्यांना मिळते आणि कमाल टॉर्क 7,000 ला. हंटर 350 ची ताकद कागदावर निम्म्याहूनही कमी, पण तिचा 27 न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क 4,000 फेऱ्यांनाच हाताशी येतो. गर्दीत इंजिन दोन-तीन हजार फेऱ्यांवर असतं. तिथे आरसी धक्के खाते, चेन खडखडते, मग तुम्ही हाफ क्लच करता, गिअर पाडता, पुन्हा क्लच. डाव्या हाताची बोटं आखडतात ती यामुळे. हल्ली असिस्ट आणि स्लिपर क्लच असतो, त्याने लीव्हर हलका होतो हे खरं, पण लीव्हर दाबायची वेळच कमी येणं केव्हाही बरं.

म्हणून टेस्ट राइडला एक साधी गोष्ट करा. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 25 ला गाडी सोडा आणि क्लचला हात न लावता हळूच ॲक्सिलरेटर द्या. गाडी कुरकुर न करता ओढू लागली तर ती शहराची. घशात खोकला अडकल्यासारखी करायला लागली तर ती रविवारची.

उष्णतेचं काय, हे विचारायला लोक विसरतात आणि एप्रिलमध्ये आठवण होते. लिक्विड कूल इंजिनाचा पंखा सिग्नलला सुरू होतो आणि रेडिएटरमधून निघालेली गरम हवा फेअरिंगच्या फटीतून नेमकी नडगीवर येते. जास्त ताकदीच्या सिंगल सिलिंडर गाड्यांवर हे अधिक जाणवतं. फॉर्मल पॅन्ट घालून ऑफिसला जाणाऱ्याने टेस्ट राइडही फॉर्मल पॅन्टमध्येच घ्यावी, जाड जीन्समध्ये घेतली तर फसगत होते.

आता थेट नावं घेतो.

आरसी 390 तुमच्यासाठी नाही. बजेटच्या वर जाते हे एक, आणि दोन दिवसांत तुमच्या मानेने निकाल दिलेलाच आहे. सवय होईल असं मित्र म्हणेल. पंचविशीत होते, चौतिशीत, दिवसभर लॅपटॉपपुढे वाकून बसणाऱ्याला होईलच असं नाही. 

टीव्हीएसची अपाची आरआर 310 मधला मार्ग आहे. 312 सीसीचं हे इंजिन बीएमडब्ल्यूबरोबर केलेलं, 2017 च्या डिसेंबरात गाडी बाजारात आली. हँडलं आरसीइतकी खाली नाहीत. 2020 पासून तिच्यात ताकदीचे वेगवेगळे मोड आहेत, त्यातला अर्बन मोड शहरासाठी ताकद मुद्दाम कमी करतो. स्पोर्ट बाइक विकणाऱ्या कंपनीलाच गर्दीसाठी ताकद कापून द्यावी लागते, यातच सगळं आलं. गाडी चांगली आहे, पण सीटची उंची 810 मिलिमीटर आणि मुक्काम पोस्ट वाकड चौक. तुमची उंची तिला पुरते, संयम पुरतो का ते बघा.

जिक्सर एसएफ 250 ही या यादीतली सर्वांत कमी बोलली जाणारी आणि तुमच्या वर्णनाला सर्वांत जास्त जुळणारी गाडी. 2019 पासून आहे. 249 सीसी, ऑइल कूल, 26.5 पीएस, वजन 161 किलो. पूर्ण फेअरिंग आहे, हँडलं पट्टीच्या वर आहेत, सीट 800 मिलिमीटरवर. इंजिनात थरार नाही, हे मान्य. तिसऱ्या गिअरमध्ये गर्दीतून निमूट चालत राहते आणि बायपासला 90-100 वर ताण घेत नाही. पेट्रोलही बेताने पिते. तुमच्या महिन्याच्या साधारण हजार किलोमीटरला 36 चं ॲव्हरेज देणारी गाडी 28 लिटर पिते आणि 28 चं देणारी 36 लिटर. दरमहा आठ लिटरचा, म्हणजे आजच्या भावाने आठशे रुपयांचा फरक.

घरचीच म्हणायची तर बजाजची पल्सर आहे. 150 वरून आलात म्हणून सांगतो, एफ250 शोरूममध्ये मिळाली तर तिच्यात अर्धं फेअरिंग, 24.5 पीएस आणि बसायची ढब तुमच्या ओळखीची. गल्लोगल्लीचा गॅरेजवाला तिला हात लावतो, ही गोष्ट ब्रोशरमध्ये छापत नाहीत पण पाचव्या वर्षी तीच उपयोगी पडते.

फेअरिंगचा हट्ट सोडता आला तर ट्रायम्फ स्पीड 400 एकदा चालवाच. 2023 मध्ये आली, बनते आपल्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात. 398 सीसी, 40 पीएस, हँडल रुंद आणि सरळ. वळणावर ती स्पोर्ट बाइकच आहे, ताम्हिणीत नेलीत तर कळेल. आणि सिग्नलला ती साधी गाडी होते. बजेट मात्र ताणावं लागेल, का ते पुढच्या एका उत्तरात आहे.

जुन्या बाजारात सीबीआर 250 आर दिसते. 2011 मध्ये आलेली, रोजच्या वापराची स्पोर्ट बाइक कशी असावी याचा आपल्याकडचा पहिला नीट नमुना. पण 2020 च्या बीएस6 नियमांनंतर ती आपल्या बाजारातून गेली. फेअरिंगचे तुकडे आणि सुटे भाग मिळतील याची खातरजमा गॅरेजमध्ये केल्याशिवाय हात घालू नका.

तुम्ही डबलसीटचा उल्लेख केलेला नाही, पण चौतिसाव्या वर्षी कोणी ना कोणी मागे बसतंच. स्पोर्ट बाइकची मागची सीट उंच, आखूड आणि पुढे उतरती असते. ब्रेक मारला की मागची व्यक्ती तुमच्या पाठीवर येते, म्हणजे दोघांचा भार तुमच्या मनगटांवर. केंद्रीय मोटार वाहन नियम 123 प्रमाणे मागच्या व्यक्तीला धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकात कपडे अडकू नयेत म्हणून आडोसा, ज्याला आपण साडी गार्ड म्हणतो, हे तिन्ही असायलाच हवं. डिलिव्हरी घेतल्यावर रूप बिघडतं म्हणून पोरं पहिलं साडी गार्डच काढून टाकतात. आईला कधी दवाखान्यात न्यायची वेळ आली तर तेच कामाला येतं. ज्यांना मागे बसवणार त्यांना टेस्ट राइडला घेऊन जा.

माझा कौल: फेअरिंग हवंच असेल तर जिक्सर एसएफ 250, नको असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर स्पीड 400. मात्र पैसे भरण्याआधी टेस्ट राइड संध्याकाळी सहा ते सातमध्ये मागा, किमान अर्धा तास आणि तुमच्याच रस्त्यावर. सकाळी अकराला शोरूमभोवती एक फेरी मारून आणतात तिला टेस्ट राइड म्हणत नाहीत.

प्रश्न : माझी उंची पाच फूट दोन इंच. स्कूटर चालवून कंटाळले, मोटरसायकल हवी आहे आणि ती थोडी स्पोर्टी हवी. घरात सगळे म्हणतात पाय टेकणार नाहीत. उंची कमी असेल तर 250-400 सीसीची गाडी विसरायची का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : विसरू नका. सीटच्या उंचीचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. सीटचा पुढचा भाग, टाकीजवळचा, अरुंद असेल तर पाय सरळ खाली जातात आणि 800 मिलिमीटरवरही चवडे टेकतात. तोच भाग रुंद असेल तर 790 लासुद्धा मांड्या फाकतात आणि पाय अधांतरी राहतात. म्हणून शोरूममध्ये बसूनच पाहायला हवं, आणि रोज जे बूट घालता तेच घालून.

दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात असा काही नियम नाही. थांबताना डावा पाय जमिनीवर आणि उजवा मागच्या ब्रेकवर ही सवय लावली की एका पायाचा चवडा पुरतो. गंगापूर रोडच्या चढावर हेच शिकून घ्या, सपाट मैदानात नको.

उंचीपेक्षा वजनाचा विचार करा. हंटर 350 ची सीट 790 वर, पण गाडी 181 किलोची. धावताना ते जाणवत नाही. पार्किंगमधून उतारावर उलटी ओढताना जाणवतं. निंजा 300 ची सीट जराशी खाली, पण वजन तिचंही 179 च्या घरात. 160-165 किलोच्या गाड्या सुरुवातीला सोप्या. सीट थोडी खाली हवी असेल तर सीटवाल्याकडून फोम कोरून घ्या, साधा उपाय आहे. मागचा शॉकॲब्सॉर्बर कापून किंवा पट्ट्या बदलून गाडी खाली करून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. मागची बाजू खाली गेली की पुढचं वळणं मंदावतं, साइड स्टँड लांब पडतो आणि स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासतं.

प्रश्न : 350 आणि 400 सीसीमध्ये कागदावर फारसा फरक दिसत नाही, पण ऑन रोड किमतीत एकदम उडी का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : सरकारने 350 वर रेघ ओढली आहे म्हणून. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. त्यावरच्या गाड्यांवर आधी 28 टक्के आणि 3 टक्के सेस असे 31 होते, ते 40 झाले. करापूर्वी दोन लाखांच्या गाडीवर हिशेब करा: रेघेच्या आत ती 2 लाख 36 हजारांना पडते, रेघेबाहेर 2 लाख 80 हजारांना. काही कंपन्यांनी सुरुवातीला वाढीव कर स्वतःच सोसला, पण कोणती कंपनी किती दिवस सोसेल यावर आपलं बजेट बेतू नये.

विम्याची रेघही तिथेच. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा. 2022 मध्ये ठरलेल्या दरांनुसार 150 ते 350 सीसीसाठी तो 7,365 रुपये आणि 350 च्या वर 15,117 रुपये, करांव्यतिरिक्त. म्हणजे दुपटीहून जास्त. रॉयल एनफिल्डचं इंजिन 349 सीसीचं आणि होंडा सीबी 350 चं 348 च्या वर थोडं, ते उगीच नाही.

तुम्ही रोज डोंबिवली ते महापे करत असाल, शिळफाट्याच्या कोंडीत तास घालवत असाल, तर रेघेच्या आतलीच गाडी घ्या. 400 चा खरा उपयोग तुम्हाला कसाऱ्याच्या घाटात, तोही महिन्यातून एकदा होणार. वाचलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट, पावसाळी जॅकेट आणि बूट येतात.

प्रश्न : आरसी 200 घेऊन वर्ष झालं. विकायची इच्छा नाही, पण पाठ धरते. हँडल उंच करून घेता येईल का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : करून देणारे आहेत, पण त्याआधी विचार करा. हँडल वर उचललं की ब्रेकची नळी, क्लचची आणि ॲक्सिलरेटरची केबल सगळ्यांना लांबी अपुरी पडते. हँडल पूर्ण वळवल्यावर ब्रेकची नळी ताणली गेली तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदलांना मज्जाव करतं, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस असे बदल पहिले शोधतो.

त्याआधी दोन-तीन कामं करून पाहा, पैसे जवळजवळ लागत नाहीत. क्लच आणि ब्रेकचे लीव्हर हँडलवर बोल्टने आवळलेले असतात. बोल्ट ढिले करून लीव्हर थोडे खाली फिरवा, इतके की बोटं ठेवल्यावर मनगट मोडलेलं न राहता कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत यावा. शोरूमवाले ते सगळ्यांना एकाच कोनात लावून देतात, आणि वर्षानुवर्षं लोक मनगट वाकवून क्लच दाबत राहतात. पावसाळ्यानंतर क्लचची केबल जड होते. तिला तेल घाला, नाहीतर सरळ बदला. टायरमधली हवा दर पंधरवड्याला मोजा, जास्त हवेने खड्ड्यांचे हादरे थेट मनगटात येतात. टाकीच्या दोन्ही बाजूंना रबरी ग्रिप चिकटवा आणि ब्रेक मारताना गुडघ्यांनी टाकी धरायची सवय करा. भार गुडघ्यांवर गेला की पाठही सैल होते.

हे करूनही महिन्याभरात फरक पडला नाही तर गाडी विका. हाडांच्या डॉक्टरची फी गाडीच्या हप्त्याबरोबर दरमहा भरण्यात अर्थ नाही.

वाचकांना एक विनंती. गाडीबद्दल विचारताना आपली उंची, वय, रोजचं अंतर, कुठून कुठे जाता तो रस्ता, मागे कोण बसतं आणि बजेट ऑन रोड की एक्स शोरूम, एवढं जरूर लिहा. नुसतं "सध्या कोणती गाडी चांगली?" एवढंच लिहिलेल्या पत्रांना इथे उत्तर देता येत नाही.